पंचेचाळीस पौंडांचं धनुष्य

सिंगापूरच्या सेंगकांग वसाहतीत राहायला आलो तेव्हा माझ्या हातांना काम नव्हतं, म्हणून पायांना भिंगरी लागली होती. सकाळी नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेला गेली की घर आवरायला फारसा वेळ लागत नसे. मग मी खाली उतरून एलआरटीत बसायचे. ती छोटी, बिनड्रायव्हरची गाडी वसाहतीला एक वळसा घालते आणि जिथून निघाली तिथेच परत येते. मी सगळा वळसा पुरा करायचे, आपल्याच स्टेशनवर उतरायचे, आणि वर येऊन फ्रीजमधल्या भाज्या उगाच पुन्हा लावायचे.

पुण्यात मी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होते. स्प्रिंगा तपासणं हे माझं काम. किती दाबली की किती जोर लागतो, सोडल्यावर मूळ लांबीला येते की नाही, हे बघायचं आणि नापास झालेल्या लाल पेटीत टाकायच्या. लोकांना हे कंटाळवाणं वाटायचं, मला नाही वाटायचं. सिंगापूरला नवऱ्याला एम्प्लॉयमेंट पास मिळाला आणि मला डिपेंडंट पास. डिपेंडंट! दुसरीत असल्यापासून स्वतःच्या वेण्या स्वतः घालणारी मी. ते कार्ड मी पर्समध्ये नेहमी उलटं ठेवत असे. नोकरीसाठी अर्ज करत होते, पण स्प्रिंगा तपासणाऱ्या बाईची तिथे कुणाला गरज दिसत नव्हती. नवरा म्हणायचा, "मिळेल गं, घाई काय आहे?" त्याचं असं शांतपणे बोलणं ऐकलं की माझा पारा आणखी चढायचा.

जवळच्या कम्युनिटी क्लबात तिरंदाजीचा वर्ग होता. मी तिथे गेले ती योगासनांची चौकशी करायला. पण मागच्या बाजूला एक लांब पत्र्याची शेड होती, आणि एक बाई बाण सोडत होती, आणि मला वाटलं, हे मला हवं. ती बाई म्हणजे तिथली कोच. चिनी, साठीच्या पुढची, शाळेत व्यायामाची शिक्षिका होऊन निवृत्त झालेली, आवाज अजून मैदानावरचा. तिने पहिल्या दिवशी माझ्या हातात एक हलकं लाकडी धनुष्य दिलं. दोरी गालापर्यंत आली, सुटली, आणि एक क्षण डोक्यातला सगळा कालवा बंद झाला. तेवढाच क्षण. बाण भलतीकडेच गेला होता, पण त्याची कुणाला पर्वा? मला तो क्षण पुन्हा हवा होता. मी त्या आठवड्यापासून जमेल तितक्या वेळा जाऊ लागले.

हात बसत गेला तशी माझी चुळबुळ परत आली. गोल कागदी निशाण्यांचा कंटाळा आला. तेवढ्यात क्लबातल्या लोकांच्या तोंडी एक विषय यायला लागला. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरमध्ये, एका पाम तेलाच्या मळ्यात, शिकारी धनुष्यांचा मेळावा भरायचा. शिकार खरी नाही. झाडांच्या आड फोमची हरणं, डुकरं, माकडं उभी करून ठेवायची आणि चालत चालत एकेकावर बाण मारायचे. पण नियम मात्र खऱ्या शिकारीचे. त्यातला पहिला नियम हा, की धनुष्य हातात निदान चाळीस पौंड भरलं पाहिजे. दारातच काटा टांगलेला असतो. त्याला दोरी अडकवायची, आपण ओढतो तेवढी ओढायची, आणि काटा चाळिसाच्या खाली राहिला तर बघ्यांच्या रांगेत बसायचं.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "मला जायचंय."

"कशावर चालवणार?"

"डुकरावर. फोमच्या."

"अगं, घरात अंडं फोडताना तोंड फिरवतेस तू."

तो हसला, मीही हसले. पण मला जायचं होतं म्हणजे जायचंच होतं. तिथे नाव घालायचं होतं ते माझं, माझ्या हातांच्या जोरावर. त्या मेळाव्याला नवऱ्याच्या पासाशी काही देणंघेणं नव्हतं. शिवाय त्याचं प्रोजेक्ट वर्षअखेर संपणार होतं. पुढे सिंगापूर, पुणे की आणखी कुठलं शहर, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोयच नव्हती.

आता धनुष्य निवडायचं होतं, आणि इथे माझ्यातली कारखान्यातली बाई जागी झाली. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर जो पौंडांचा आकडा लिहिलेला असतो, तो दोरी अठ्ठावीस इंच ओढली तर हाताला किती भार येईल याचा असतो. ज्याचे हात लांब त्याला भार जास्त, ज्याचे आखूड त्याला कमी. माझी ओढ जेमतेम सव्वीस इंचांची. इंचामागे दोन-अडीच पौंड कमी होतात. म्हणजे चाळीस लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात पस्तीसच भरणार आणि मी बघ्यांच्या रांगेत बसणार. पंचेचाळीस लिहिलेलं घेतलं तर बरोबर चाळीस. गणित स्वच्छ होतं. मी ते गणित कोचला मोठ्या अभिमानाने ऐकवलं.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्याला दोन बोटं लावून म्हणाली, "धिस वन नॉट इंजिनिअर, लाह."

खांदा काही इंजिनिअर नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या मते मी तेव्हा अठ्ठावीस पौंडांवर व्यवस्थित होते आणि एका वेळी दोन-दोन पौंड चढवत वर्षभराने चाळिसावर गेले असते. मी म्हटलं, वर्षभर कुणाला आहे? शिकारीला जड धनुष्य लागतं ते जनावर तडफडत राहू नये म्हणून, असंही मी कुठेतरी वाचलं होतं, तेही ऐकवलं. ती म्हणाली, "जड धनुष्य घेऊन थरथरणाऱ्या हाताने मारलंस तरी ते तडफडतच राहणार. फोमचं आहे म्हणून बरं. जखमी तू एकटीच होशील."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला पटकन राग येतो. त्याच आठवड्यात क्लबातला एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ सगळं सामान विकून मायदेशी निघाला होता. त्याच्याकडे आखूड, गडद लाकडी मुठीचं, सुटं करून पिशवीत भरता येणारं शिकारी धनुष्य होतं. पात्यावर हाताने लिहिलेलं होतं, पंचेचाळीस. त्याच धनुष्याने त्याने खरी रानडुकरं मारली होती. ते मी घेतलं.

घरी आणून दोरी चढवायचा प्रयत्न केला तर पातं वाकेचना. शेवटी सोफ्याच्या पाठीला टेकवून, मांडीखाली दाबून, दातओठ खाऊन चढवली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. "मम्मी, युअर फेस सो रेड," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

पुढचे महिने मी त्या धनुष्याशी भांडत होते. सरळ समोर धरून ते ओढता येत नसे. म्हणून मी ते आभाळाकडे रोखायचे, सगळं अंग मागे टाकायचे आणि खाली आणता आणता ओढायचे. कोचला हे दिसलं की ती लांबूनच ओरडायची. दोरी गालापर्यंत पोचायची, पण पोचली न पोचली तोच बोटांतून सुटायची. नेम धरायला वेळच मिळत नसे. तरी दहातला एखादा बाण क्लबाने सरावाला ठेवलेल्या फोमच्या डुकराच्या बरगडीत बसायचा आणि मला वाटायचं, जमतंय. काट्यावर तर ते बरोबर चाळीस भरत होतं.

कोचचं एकच चालू असायचं. मी ओढलं की ती म्हणायची, "लेट डाउन." म्हणजे बाण सोडू नकोस, दोरी तशीच हळूहळू पुढे नेऊन उतरव. नेम बसत नसेल, मन ठिकाणावर नसेल, समोर कुणी आलं असेल, तर तिरंदाजाला उतरवता आलं पाहिजे. मी ते कधीच केलं नाही. ती "लेट" म्हणेपर्यंत माझा बाण गेलेला असायचा. ती कपाळाला हात लावायची. "पुल कॅन," ती म्हणायची, "होल्ड कॅनॉट." ओढता येतंय, पेलत नाही. मी पाणी प्यायला निघून जायचे.

खरं सांगायचं तर त्या जड धनुष्याचं मला एक सुख होतं. ते ओढताना दुसरं काही मनात येऊच शकत नसे. नोकरीचे अर्ज, उलटं ठेवलेलं कार्ड, दुपारचे लांबलचक तास, सगळी तगमग त्या ओढीत खर्ची पडायची. संध्याकाळी घरी यायचे ती पिळून काढल्यासारखी. उजवा खांदा ठणकत असायचा. कढईतली भाजी परतायला मी डाव्या हाताने शिकले आणि कुणाला काही बोलले नाही.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आम्ही दर वर्षी घरातल्या हत्यारांची पूजा करतो, तशी तिथेही केली. टेक्का मार्केटमधून झेंडू आणला. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, त्याचा स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, माझी कात्री, विळी, मुलीची कंपासपेटी. गाडी नव्हती म्हणून नवऱ्याने एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं कार्ड ठेवलं. आणि मधोमध माझं धनुष्य. दोरी उतरवलेलं धनुष्य म्हणजे नुसती काठी, म्हणून मी दोरी चढवून ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पाटावर कुणीतरी खरंखुरं शस्त्र ठेवलं होतं, आणि ते माझं होतं. मला फार बरं वाटलं. पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हेही पथ्यावर पडलं. खांद्याला एक दिवस सुट्टी मिळाली.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले. आपटा तिथे मिळत नाही, पण आमच्या ब्लॉकखाली कांचनाची झाडं होती आणि पानं तशीच जोडीची. पुण्यातही निम्मे लोक तीच देतात. नवऱ्याच्या ऑफिसातले तीन-चार संसार, त्यांची मुलं, आणि नवऱ्याचे साहेब सपत्निक. साहेब मुंबईचे, मोकळे, मोठ्या आवाजाचे. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ते पाटापाशी आले आणि धनुष्य बघून थबकले.

"हे कुणाचं?"

"हिचं," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, ते मला कळलं. "जोहोरला चाललीय मेळाव्याला. पूल ओलांडून."

"म्हणजे खरंखुरं सीमोल्लंघन!" साहेब म्हणाले. "वहिनी, हे शिवधनुष्य तुम्हाला उचलतं?"

"उचलतं की," मी म्हटलं.

"मग होऊन जाऊ दे! आम्हाला काय कळणार नाहीतर?"

सगळे सोफ्यावरून उठून भिंतीला लागले. कुणीतरी मुलांना मागे ओढलं. मी नेसले होते पैठणी, हातात हिरव्या बांगड्या. आता इथे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे की रिकाम्या धनुष्याची दोरी सोडायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाण असला की सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तो जोर पात्यांतच राहतो आणि पाती फुटतात. माझा बेत सोडण्याचा नव्हताच. ओढायचं, दाखवायचं आणि उतरवायचं.

मी पदर खोचला. दिवाणखान्यात आभाळाकडे रोखायला जागा नव्हती, वर पंखा होता. म्हणून सरळ समोरच धरलं आणि सगळ्यांच्या देखत, अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. दोरी गालापर्यंत आली. टाळ्या पडल्या.

"थांबा, थांबा!" साहेबांनी खिशातून डिजिटल कॅमेरा काढला. "वहिनी, तसंच राहा. एक मिनिट. फ्लॅश चार्ज होतोय."

मी तशीच राहिले. कॅमेऱ्याचा तो बारीक लाल दिवा लुकलुकत होता. माझी कोपरं थरथरायला लागली, मग खांदा, मग बांगड्या वाजायला लागल्या. कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं मी मुद्दाम करतेय. मला कळून चुकलं की आणखी धरता येणार नाही. आणि त्याच क्षणी हेही कळलं की उतरवताही येणार नाही. तो भार बोटांवर घेऊन हळूहळू पुढे न्यायला जे बळ लागतं, ते माझ्यात कधी नव्हतंच. मी ते कधी करून पाहिलंच नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो हसत होता. त्याचा चेहरा बदलायला लागला तेवढ्यात माझी बोटं उघडली.

आवाज असा झाला की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. दोरी माझ्या डाव्या हातावर बसली, बांगड्या फुटून फरशीभर झाल्या. वरचं पातं मधोमध उभं चिरलं होतं आणि त्याची एक ढलपी उडून झेंडूच्या माळेत अडकली होती. आणि मग फ्लॅश पडला.

मग साहेबांच्या पत्नी पुढे झाल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वाढल्या, वाढल्या. फुटल्या म्हणू नका." साहेब बिचारे ओशाळले होते. वातावरण हलकं करायला ते म्हणाले, "शिवधनुष्य मोडलं वहिनी, म्हणजे पण तुम्हीच जिंकलात! आता वर शोधायला हवा." सगळे मोठ्याने हसले. मीही हसले. हातावर लाल वळ उमटत होता आणि मनात एकच शब्द आला होता: सुटले.

त्या शब्दाचीच मला भीती वाटली. महिनोन् महिने जे हवं म्हणून जिवाचं रान केलं, ते डोळ्यांदेखत मोडलं आणि मला हायसं वाटलं. पाहुणे गेल्यावर नवरा काचा गोळा करत होता. मला म्हणाला, "दुसरं बघू. अजून वेळ आहे." मी त्याच्यावर ओरडले. तुला काही कळत नाही, असं म्हणाले. त्याला खरंच काही कळलं नव्हतं, कारण मी खांद्याचं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. ते तेव्हा सांगितलं. तो हातातली केरसुणी टाकून माझ्याशेजारी येऊन बसला.

मी चिरलेलं पातं घेऊन कोचकडे गेले. ती चिडेल अशी तयारी ठेवली होती. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं, हाताचा वळ पाहिला, आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. "बस. पुढच्या काठावर. पाय सरळ कर, टाचा उचल."

तसं बसल्यावर माणसाला फसवायला काही उरत नाही. अंग मागे टाकता येत नाही, आभाळाकडे रोखता येत नाही. हात आणि पाठ जेवढं ओढतील तेवढंच. तिने एक धनुष्य दिलं. मला ते अर्धंच ओढता आलं. तिने ते काढून घेतलं आणि हलकं दिलं. ते ओढलं, पण धरता येईना. आणखी हलकं. खांदा जागेवर नव्हताच, महिन्यांचं दुखणं साचलं होतं. आणखी हलकं. शेवटी ती शाळेच्या मुलांची धनुष्यं ठेवलेल्या घडवंचीकडे वळली, तेव्हा मी म्हटलं, "कोच, प्लीज." ती थांबली नाही.

ते धनुष्य चोवीस पौंडांचं होतं. मी ओढलं. दोरी गालापाशी आली आणि थांबली. ती म्हणाली, "होल्ड." मी धरलं. धरता येत होतं. आणि त्या धरलेल्या वेळात, जो वेळ जड धनुष्याने मला कधी दिलाच नव्हता, सगळं एकदम वर आलं. ते कार्ड, ती वळसे घालणारी गाडी, पुण्यातली माझी टेबलापाशची जागा, तिथे आता दुसरीच कुणी बसत असेल हा विचार. त्याच्याशी झुंजायला हातात ओझं नव्हतं. ते नुसतं समोर होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोचने ते पाहिलं आणि आपल्या त्या मैदानावरच्या आवाजात, पण जरा खाली आणून म्हणाली, "नाउ लेट डाउन."

मी उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा. दोरी जागेवर आली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही.

"हे तुझं," ती म्हणाली. "आज तुझं वजन हे. चाळीस पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी आम्ही इथे नसू कदाचित."

"मग जिथे असशील तिथे," ती म्हणाली. आणि पुढच्या माणसाकडे वळली.

जोहोरचा मेळावा गेला तो गेलाच. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. मेळाव्याचा शनिवार जवळ आला तशी मी पुन्हा घरभर येरझाऱ्या घालायला लागले. नवऱ्याने त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवली होती. तो म्हणाला, "रजा फुकट घालवायची नाही. जोहोर नाही तर उबीन बेट. तेवढंच छोटं सीमोल्लंघन." मुलगी तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि आम्ही दोघं चांगीच्या धक्क्यावर जाऊन बसलो.

उबीनची ती लाकडी बोट माणसं भरल्याशिवाय निघत नाही. नवरा पेपर वाचत बसला. मी उठत होते, बसत होते, घड्याळ बघत होते. आत्ता त्या मळ्यात काट्यावर धनुष्यं चढत असतील, आत्ता पहिला बाण गेला असेल. शेवटी एका शाळेची मुलं आली आणि बोट भरली. बेटावर उतरून आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. मी पुढे निघाले. नवरा मागून ओरडत होता, "अगं, शर्यत आहे का?" जुनी पत्र्याच्या छपरांची घरं मागे पडली, डांबरी संपून मातीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूला गच्च झाडी. एका वळणावर मी ब्रेक दाबला.

रस्त्यात रानडुक्कर उभं होतं. मादी होती. क्लबातल्या फोमच्या डुकरापेक्षा लहान, अंगावर वाळलेला चिखल. फोमच्या डुकराला वास नसतो, हिला उग्र वास होता. तिचे कान हलत होते. मागे गवतातून पिल्लं एकेक करून बाहेर येत होती. ती माझ्याकडे बघत होती. मी इतके महिने ज्या अंतरावरून बाण मारत होते, त्याच्या निम्म्याने जवळ.

मी सायकलवरून उतरून उभी राहिले होते. माझा डावा हात आपोआप समोर गेला. उजव्या हाताची तीन बोटं वाकली आणि गालापाशी येऊन थांबली. हातात काहीही नव्हतं. तिच्या पुढच्या पायामागची ती जागा, जिथे मारायचं असतं, मला स्पष्ट दिसत होती. मी धरून राहिले. खांदा थरथरला नाही. ती हलली नाही, मीही हलले नाही, आणि मला कुठेही जायचं नव्हतं. सिंगापूरला आल्यापासून अशी मी कधी उभी राहिले नव्हते.

मग मी हात पुढे नेत नेत खाली आणला. ती वळली आणि सावकाश रस्ता ओलांडून झाडीत गेली. शेवटचं पिल्लू मागे राहिलं होतं, ते धावत सुटलं.

नवरा मागे येऊन कधी थांबला होता, मला कळलं नव्हतं. त्याने हळूच विचारलं, "मारलंस?"

"नाही," मी म्हटलं. "उतरवलं."